सूर्यावरच्या मोटारीला टायमर

आमच्या विहिरीवर सूर्यावर चालणारी मोटार बसली, तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. ती चालू कशी होते हे सगळ्यांनी विचारलं. बंद कशी करायची हे कुणीच विचारलं नाही, आणि त्यात मीही आले. ऊन पडलं की चालू, ऊन गेलं की बंद, असं सरकारी योजनेचा माणूस म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात तेव्हा लाईट कधी येईल, कधी जाईल याला काही धरबंध नव्हता. तिची वाट न बघता चालणारी मोटार दारात आली म्हणून मी तिला हळदकुंकू वाहिलं. पुढं तिनं मला असं दमवलं की तेवढं नातवंडांनीसुद्धा कधी दमवलं नाही.

आमचं रान वाटूर फाट्यापासून कोसभर आत. मोसंबीची साठ झाडं, तिसऱ्या वर्षाची, अजून फळ न धरलेली, ठिबकच्या नळ्यांवर वाढवलेली. आमचे हे जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी. त्यामुळे रान माझ्याकडं. बांधाला बांध लागून माझ्या थोरल्या जाऊबाईचं रान. थोरले दीर वारल्यापासून त्यांचंही रान त्या एकट्याच बघायच्या, सोबतीला एक काळी शेळी. विहीर दोघींत एक.

आणि ती विहीर म्हणजे दम्याची म्हातारी. तासभर बोलायची, मग दोन तास दम खात बसायची. मोटार मात्र ऊन आहे तोवर गप बसायला तयार नाही. सकाळी नऊला सुरू झाली की दहाला पाणी खाली जायचं, पाइपाच्या तोंडची झडप, आम्ही तिला फुटबॉल म्हणतो, ती उघडी पडायची, मोटार पाण्याऐवजी हवा ओढायची आणि कोरडी फिरत राहायची. पहिल्याच महिन्यात ती जळाली. योजनेच्या माणसानं आतली जळकी तार काढून एकदा नव्यानं भरून दिली आणि जाताना बजावलं, "मावशी, ही पहिली आन् शेवटची. परत कोरडी चालली तर तुमचं तुम्ही बघा."

तेव्हापासून मी नऊला चालू करायची, दहाला बंद. बाराला चालू, एकला बंद. तीनला चालू, चारला बंद. घरापासून विहीर तीन वावरं लांब. दिवसाला सहा खेपा. भाकरी तव्यावर असली तरी दहाला उठायचं, कुणी पाव्हणं दारात बसलं असलं तरी एकला उठायचं. बाजार नाही, लग्न नाही, कुणाच्या मयतीलाही बाराच्या आत जाऊन यायचं. दाव्याला बांधलेल्या म्हशीला निदान बसून रवंथ तरी करता येतं.

त्यात जाऊबाईंशी अबोला. तो कसा झाला ते सांगते, त्यात माझीच चूक जास्त आहे. दिवाळीच्या आधी मी एकदा फाट्यावर गेले आणि यायला उशीर झाला. मोटारीनं विहीर चाटूनपुसून साफ केली. त्याच दिवशी जाऊबाईंच्या मिरचीला पाणी द्यायचं होतं. मी आले तर त्या माझ्या बटनापाशी उभ्या, बंद करायला हात पुढं केलेला. मला वाटलं, माझी नवी मोटार, ही बिघडवणार. मी लांबूनच ओरडले, "बाई, माझ्या बटनाला हात लावू नका."

त्यांनी हात मागं घेतला. "मेले तरी लावणार न्हाई," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या दिवसापासून बोलणं बंद. म्हणजे बोलायच्या, पण शेळीशी. मला काही ऐकवायचं असलं की बांधावर शेळी आणायच्या आणि तिला म्हणायच्या, "काळे, आज लोकांनी लई पाणी उपसलं ग. आपल्या वाटणीला गाळ राहिला बघ." मीही मग कमी नव्हते. मी बांधावरच्या लिंबाच्या झाडाला सांगायची, की पाणी बराबर वाटणीनंच घेतलंय. झाड आणि शेळी दोघंही निमूट ऐकायची.

संक्रांतीला लेकीचा निरोप आला. ती परभणीला दिलेली. वैशाखात तिचं दुसरं बाळंतपण. सासू अर्धांगानं पडून, घरात दुसरं बाईमाणूस नाही, थोरलं पोर तीन वर्षांचं. "आई, महिनाभर तरी ये," एवढंच तिनं लिहिलं होतं. पहिल्या खेपेला ती माझ्याकडं आली होती, तेव्हा सोपं होतं. आता मी जायचं तर मोटार कोण बंद करणार? बंद ठेवून जावं तर वैशाखात साठ झाडं आठ दिवसांत वाळली असती. चालू ठेवून जावं तर मोटार जळाली असती आणि झाडं नवव्या दिवशी वाळली असती.

आमचे हे म्हणाले, "वहिनीला सांग ना. बटनच दाबायचंय."

"झाडं वाळली तरी चालतील," मी म्हणाले.

हे म्हणाले, "मंग टायमर लागंल."

तेव्हा तो शब्द आमच्या घरात आला. यांच्या कारखान्यात बी वाळवायचा पंखा होता. तो म्हणे आपला आपण चालू व्हायचा आणि आपला आपण बंद व्हायचा. मला इतका हुरूप आला की विचारू नका. मला वाटलं, जालन्याला एवढी दुकानं, पुढच्या सुट्टीला हे घेऊन येतील.

पुढच्या सुट्टीला यांनी त्या पंख्याचाच भंगारात काढलेला जुना टायमर मागून आणला. गोल तबकडी, कडेला खुंट्या. घरातल्या बोर्डात खुपसला तर घर्र करून फिरायला लागला, बरोबर वेळेला टक करून बंद झाला. मी दोन तास त्याच्यापुढं बसून राहिले. मग लाईट गेली आणि तबकडी थांबली. चार तासांनी लाईट आली तेव्हा ती जिथं थांबली होती तिथून पुढं निघाली. बाहेर चार वाजले होते आणि तिच्या हिशेबानं बारा.

"आता हो?" मी म्हणाले.

"जुनाय तो," हे म्हणाले.

मग मी स्वतःच गेले. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं, मोटार त्या दिवशी बंद ठेवायची, झाडं तहानलेली ठेवायची, म्हणजे जालन्याची प्रत्येक चक्कर साठ झाडांच्या जिवावर. मस्तगडात विजेच्या सामानाची दुकानं ओळीनं होती. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "मावशी, मोटार सिंगल फेज का थ्री फेज?"

"सूर्यावरची," मी म्हणाले.

"म्हंजी फेज किती?"

"सूर्य एकच हाय की, दादा."

तो हसला, शेजारच्या गिऱ्हाइकालाही हसवलं आणि गिझरचा टायमर माझ्यापुढं ठेवला. मी म्हणाले, आंघोळीचं पाणी नाही, मोसंबीचं पाणी आहे. तर म्हणाला, पाणी ते पाणीच.

दुसऱ्यानं रस्त्यावरच्या दिव्यांचा टायमर काढला. छान होता, आकडे दिसायचे, बटनं होती. "ह्याला घरातून लाईट द्यायची," तो म्हणाला, "मंग हे मोटार चालू-बंद करील."

"आन् लाईट गेली तर?"

"मंग हे बंद."

"अहो, लाईट राहिली असती तर आम्ही सूर्याच्या दारात कशाला गेलो असतो?"

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "इन्व्हर्टर घ्या."

तिसरा म्हणाला, असं काही बनतच नाही. चौथा म्हणाला, बनतं, पण मुंबईला. पाचव्यानं मोटार देणाऱ्यांना विचारा म्हणून सांगितलं. त्यांच्या ऑफिसात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मोटार चालती ना? मंग तक्रार काय?" मी म्हणाले, चालते हीच तक्रार आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच उठून आले. परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, पण शेजारी ओळखीची बाई बसली होती, म्हणून उन्हाचं निमित्त करून पदर तोंडावर घेतला.

फाल्गुनात एक गंमत झाली, तीही माझ्याच फजितीची. कुरडया घातल्या होत्या. अंगणात कोंबड्या चोच मारायच्या. मला वाटलं, विहिरीपाशी त्या सोलारच्या प्लेटा, छातीएवढ्या उंचीवर, स्वच्छ, तापलेल्या, असल्या जागेवर कुरडई तासाभरात वाळेल. नऊला मोटार चालू केली, प्लेटांवर जुनं लुगडं अंथरलं, वर कुरडया मांडल्या आणि मोठ्या समाधानानं मागं वळले. तर मोटार बंद. मला वाटलं, जळाली. खाली वाकून बघते, वास घेते, हात लावून बघते. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"काळे, बघ ग. लोक मोटारीला कुरडया चारून राह्यले. पोट भरलं तिचं, आता कशाला चालंल?"

मी लुगडं कुरडयांसकट ओढलं, मोटार सुरू झाली. अर्ध्या कुरडया मातीत. जाऊबाई पदरानं तोंड दाबून हसत होत्या. मी झाडाला काही सांगितलं नाही त्या दिवशी.

मग एका चाचांचा पत्ता यांना कारखान्यातल्या कुणीतरी दिला. जुन्या जालन्यात एका बोळाच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीची टपरीवजा जागा. चाचा म्हातारे, डोळ्याला भिंग लावून बसलेले. माझं सगळं गाऱ्हाणं त्यांनी एकदाही न हसता ऐकलं. त्यासाठीच मी त्यांना अजून दुवा देते.

"बाई, एक घंटा चालू, दोन घंटे बंद. इतकंच ना?"

"इतकंच."

"विकत मिळत न्हाई, तर बनवू. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवसांनी गेले, तर एक सुटा भाग औरंगाबादहून यायचा होता. पुढच्या वेळी तोच भाग आला होता, पण चुकीचा. त्याच्या पुढच्या वेळी हैदराबादहून मागवला होता. दर वेळी चहा, दर वेळी, "बिलकुल झालंच समजा, जुम्म्यानंतर या." चैत्र संपत आला. लेकीचा दुसरा निरोप आला. मी दर चकरेला साठ झाडं उपाशी ठेवत होते आणि चहा पीत होते. शेवटी एकदा मी तिथंच ठाण मांडलं. म्हणाले, "चाचा, आज डबा घेतल्याबिगर उठणार न्हाई मी."

त्या दिवशी खरंच दिला. पोरांच्या शाळेच्या पिवळ्या टिफिनमध्ये सगळं बसवलेलं. बाहेर दोन खुंट्या. एक फिरवली की चालू किती वेळ ते ठरायचं, दुसरी फिरवली की बंद किती वेळ. वीज प्लेटांचीच घ्यायचा. मी विचारलं, कुठं अडेल का?

"एकच," चाचा म्हणाले. "ढग आला की डबा झोपतो. ऊन आलं की उठतो आन् पहिल्यापासून मोजतो. पण आता उन्हाळा हाय. ढग कुठून येतेत?"

डबा बसवला आणि तीन दिवस मी विहिरीपाशी बसून राहिले. नऊला चालू, दहाला बंद. बाराला चालू, एकला बंद. माझा हात लागला नाही. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा भाकऱ्या न करपवता केल्या. बांधावर शेळी आली.

"काळे, माणसाला विचारायची लाज वाटती लोकांला. डब्याला विचारतेत."

हे मला लागलं. लेकीचे दिवस अलीकडं आले म्हणून निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी मी परभणीची गाडी धरली.

नात झाली. गोरीपान, भरपूर जावळ. मी शेक-शेगडी करत होते, लेकीला डिंकाचे लाडू चारत होते, थोरल्याला कडेवर घेऊन फिरत होते, पण चित्त सगळं वर. कारण पाचव्या दिवसापासून दुपारी आभाळ यायला लागलं. पाऊस नाही, नुसते ढगांचे पुंजके. एक सूर्यावरून गेला की ऊन, लगेच दुसरा. मी गच्चीवर लंगोट वाळत घालायला जायची आणि मोजायची. आत्ता डबा झोपला. आत्ता उठला. परत एक तास. आत्ता झोपला. उठला. परत एक तास. म्हणजे मोटार दुपारभर चालूच, आणि विहिरीत वैशाखाचं पाणी.

कोपऱ्यावरच्या बूथवरून यांना कारखान्यात फोन लावला. "आभाळ कसंय?"

"ऊन हाय की मस्त," हे म्हणाले.

"कुठं?"

"जालन्याला."

"अहो, रान वाटूरला हाय आपलं."

"मंग मला इथून कसं दिसंल?" हे म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्या आठवड्यात कारखान्यात हंगामाची घाई, सुट्टी नाही. मी फोन ठेवला. लेक म्हणाली, "आई, जायचं तर जा." पण तिच्या चेहऱ्याकडं बघून कोण जाईल? मी मनातल्या मनात मोटारीवर पाणी सोडलं. मग झाडांवर. बारशाच्या दिवशी बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी साठ झाडं कशी उपटायची याचा विचार करत होते.

महिना भरायच्या आधीच, लेक उठती-बसती झाल्यावर परत आले. फाट्यावर उतरून चालत निघाले. लांबून विहीर दिसली, पण प्लेटांची ती नेहमीची चमक दिसेना. मनात आलं, चोरीला गेल्या. भराभर पाय उचलले. जवळ आले तर प्लेटा जागेवर. त्यांच्यावर एक भली मोठी गोधडी, चारी कोपऱ्यांना दगड बांधून सोडलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. गोधडीत एक हिरवा तुकडा माझ्याच जुन्या लुगड्याचा. सासूबाई होत्या तेव्हा आम्ही दोघी जावांनी मिळून शिवलेली ती. मोटार बंद. मोसंबी मात्र हिरवीगार, नवी पालवी फुटलेली.

जाऊबाई लिंबाखाली शेंगा फोडत बसलेल्या. शेळी शेजारी.

"काळे, आल्या बघ आज्जीबाई. पोरगी का पोरगा विचार."

"पोरगी," मी शेळीला सांगितलं. "काळे, हे काय घातलंय प्लेटांवर?"

"काळे, सांग त्यांला, कुणी त्यांच्या बटनाला हात न्हाई लावला. बटन तिकडं हाय. गोधडी माझी हाय. माझी गोधडी मी कुठं बी वाळत घालीन."

मला सहा महिन्यांतलं सगळं एकदम आठवलं. मस्तगडातला तो हसरा दुकानदार, ऑफिसातला माणूस, चाचांचा चहा, जालन्याच्या त्या सगळ्या चकरा. कुरडयांच्या दिवशी ही बाई नुसती हसत नव्हती, बघत होती. आणि मी टायमर शोधत जालना पालथं घालत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण खरं सांगते, आधी राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून डब्याचा केला. म्हणाले, "ह्या डब्यात ढगाचा बिघाड हाय. चाचांकडं न्यावा लागंल."

तेव्हा जाऊबाईंनी शेंगांवरून मान वर केली आणि शेळीकडं न बघता सरळ माझ्याकडं बघितलं.

"ढगाचं सोड. ढग न्हवता त्या दिवशी बी पाऊण तासात पाणी सरत होतं. विहीर आटून राह्यली, तुझा डबा तासच धरून बसला. त्या डब्याला विहीर दिसती का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मला दिसती. वाकून बघायची, फुटबॉल दिसाया लागला की गोधडी टाकायची. पाणी भरलं की काढायची. एवढ्यासाठी जालना कशाला लागतंय?"

"किती खेपा केल्या, बाई?"

"मी मोजत न्हाई. तू मोजती." मग म्हणाल्या, "गोधडी विटली माझी. धुऊन दे. आन् फाटलीय तिथं ठिगळ लाव."

मी गोधडी काढली. एका बाजूनं रंग पार उडालेला, दुसऱ्या बाजूनं जशीच्या तशी. ऊन पडलं, डबा जागा झाला, मोटार सुरू झाली. मी विहिरीत वाकून बघितलं. पाणी भरलेलं होतं. सहा महिने मी घड्याळ बघत होते, तसं एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"बाई," मी म्हणाले, "गोधडी वाळेपर्यंत तुम्हाला मोटार बंद करायची झाली तर बटनच दाबावं लागंल."

"मी शब्द दिलाय. मेले तरी हात लावणार न्हाई."

"मग?"

त्या उठल्या, शेळी हाकायची काठी घेतली, विहिरीपाशी आल्या. आत डोकावल्या. पाणी होतं, तरी मला दाखवायला म्हणून हात लांब करून काठीच्या टोकानं माझं बटन खाली दाबलं. मोटार बंद झाली.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती मोटार त्या तशाच बंद करत राहिल्या, काठीनं. टिफिन नातवंडांनी उघडून बघितला आणि त्यातल्या खुंट्या हरवल्या. बटनावर काठीच्या टोकाचा एक खळगा पडलाय, तो अजून आहे.